पहिला कॅबरे कसा उभा करावा : न्यूयॉर्कमध्ये स्टँडर्ड्स गाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

सांगलीला आईला फोनवर सांगितलं की मी कॅबरे करतेय, तर पलीकडे बराच वेळ शांतता होती. आपल्याकडे या शब्दाबरोबर हिंदी सिनेमातला नाच, काचेचा जिना आणि खलनायकाचा अड्डा येतो. न्यूयॉर्कमध्ये कॅबरे म्हणजे चाळीस-पन्नास माणसं बसतील एवढी खोली, एक पियानो, एक गायक आणि तासभर गाणी. गाणी बहुतेक १९२० ते १९६० या काळातली, ब्रॉडवेच्या संगीतिकांतून आणि जुन्या चित्रपटांतून आलेली. त्यांनाच स्टँडर्ड्स म्हणतात. मी आईला म्हटलं, "अगं, बैठक असते तशी. फक्त मी उभी असते आणि पेटीच्या जागी पियानो असतो." ते तिला पटलं, आणि खरोखर यापेक्षा जवळचा शब्द मला अजून सापडलेला नाही.

मी लहानपणी नाट्यसंगीत शिकले, नंतर नोकरीत गाणं सुटलं, आणि जर्सी सिटीला आल्यावर पुन्हा या वाटेने गाण्याकडे आले. पहिल्या शोपर्यंत पोचायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. त्यातलं निम्मं वर्ष तरी कुणी आधी सांगितलं असतं तर वाचलं असतं. म्हणून हे लिहितेय.

१. आधी श्रोता व्हा

निदान दहा-बारा शो बघितल्याशिवाय जागेसाठी कुणाला विचारू नका. पश्चिम ४६व्या रस्त्यावर, जिला रेस्टॉरंट रो म्हणतात त्या गल्लीत, 'डोन्ट टेल मामा' १९८२ पासून आहे. पुढे पियानो बार, मागे कॅबरेच्या खोल्या. ग्रेनिच व्हिलेजमध्ये ख्रिस्तोफर स्ट्रीटवर 'डुप्लेक्स' आहे. थोडं मोठं, झगमगीत बघायचं तर पश्चिम ५४व्या रस्त्यावर जुन्या 'स्टुडिओ ५४'च्या तळघरातलं '५४ बिलो', आणि ४४व्या रस्त्यावरचं 'बर्डलँड'. मॅडिसन अॅव्हेन्यूवरच्या कार्लाइल हॉटेलातल्या 'कॅफे कार्लाइल'मध्ये बॉबी शॉर्ट हा गायक-पियानोवादक १९६८ पासून २००४ पर्यंत गात-वाजवत होता. ती जागा महाग आहे, पण वर्षातून एकदा पैसे साठवून जाण्यासारखी आहे.

बघताना गळ्याकडे कमी लक्ष द्या. पहिल्या गाण्याआधी गायक बोलतो का? दोन संथ गाणी लागोपाठ घेतो का? पियानोवादकाकडे कधी बघतो? टाळ्या संपायच्या आत पुढचं सुरू होतं की थांबतो? वही जवळ ठेवा आणि हे सगळं लिहून काढा.

घरी ऐकायला मेबल मर्सर घ्या. १९०० साली इंग्लंडमध्ये जन्मलेली ही गायिका तिशीच्या दशकात पॅरिसमध्ये गायली आणि मग न्यूयॉर्कला आली. ती खुर्चीवर बसून गायची, हात मांडीवर. आवाज पुढे पुढे थकत गेला, पण शब्द असा टाकायची की गायक फ्रँक सिनात्रानेही शब्दफेक तिच्याकडून शिकलो असं म्हटलं होतं. आपल्याकडच्या बैठकीच्या गायिकांना ऐकून ज्यांचा कान तयार झालाय त्यांना ती लगेच कळेल. तिच्या नावाची संस्था दरवर्षी ऑक्टोबरमध्ये 'न्यूयॉर्क कॅबरे कन्व्हेन्शन' भरवते. एकाच संध्याकाळी अनेक गायक एक-दोन गाणी म्हणतात, त्यामुळे नवख्याला थोड्या पैशात खूप ऐकायला मिळतं.

२. व्हिसाचं आधी बघा

हे शेवटी ठेवावं असं वाटलं होतं, पण लोक नेमके इथेच अडकतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर ज्या कंपनीने तुमचा अर्ज केला तिच्याचकडे काम करायची परवानगी असते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असून कामाचा परवाना नसेल तर कमाई करताच येत नाही. विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावरही बंधनं आहेत. ओपन माइकला, म्हणजे कुणीही नाव देऊन गाऊ शकतं अशा रात्री, पदरचे पैसे देऊन एक गाणं म्हणून घरी येणं हा छंद झाला. स्वतःच्या नावाचा शो लावून दारावरच्या तिकिटाचा वाटा घेणं ही कमाई झाली. "मी पैसे घेणारच नाही, मग काय हरकत" असंही परस्पर ठरवू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा नीट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत फक्त ओपन माइकला गायले, आणि ती वर्षं वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही.

एक गोष्ट मात्र आज सोपी आहे. १९४० पासून १९६७ पर्यंत या शहरात दारू विकली जाते अशा क्लबमध्ये गायला-वाजवायला पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागायचं. १९४७ मध्ये शिक्षा झाल्यावर बिली हॉलिडे या जॅझ गायिकेचं कार्ड गेलं. १९४८ मध्ये तिने कार्नेगी हॉल भरवला, पण कोपऱ्यावरच्या क्लबात गाण्याची तिला मुभा नव्हती. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकचंही कार्ड अशीच काही वर्षं काढून घेतलं होतं. आता तसलं कार्ड लागत नाही. ज्या खोल्यांत आपण सहज शिरतो तिथे शिरायला इतक्या मोठ्या माणसांना मज्जाव होता, हे माझ्या मनातून जात नाही.

३. गाणी निवडा, पण यूट्यूबवरून नको

या गाण्यांची गंमत आपल्याला चटकन कळते, कारण नाट्यसंगीताचंही तेच झालं. नाटक विस्मरणात गेलं, पद मैफलीत उरलं. स्टँडर्ड्सचंही तसंच आहे. संगीतिका आज सहसा कुणी करत नाही, गाणं मात्र शंभर जणांनी शंभर तऱ्हांनी म्हटलेलं असतं. म्हणूनच एकाच गायिकेचं ध्वनिमुद्रण ऐकून गाणं बसवू नका. तिने बदललेल्या जागा तुम्ही मूळ चाल समजून पाठ कराल.

मूळ छापील प्रत शोधा. लिंकन सेंटरला परफॉर्मिंग आर्ट्सचं सार्वजनिक ग्रंथालय आहे. न्यूयॉर्क राज्यात राहत असाल, नोकरी करत असाल किंवा शिकत असाल तर कार्ड फुकट मिळतं. तिथे तुम्हाला 'व्हर्स' सापडेल. व्हर्स म्हणजे मुख्य गाण्याआधीचा, बहुधा मुक्त लयीतला, बोलल्यासारखा भाग. नाटकात संवादातून गाण्यात शिरायला तो उपयोगी पडायचा. जॅझवाले तो बहुतेक वेळा गाळतात, कॅबरेवाले मात्र जपतात. छोट्या खोलीत व्हर्सने सुरुवात केली की लोक ग्लास खाली ठेवतात.

मुख्य गाणं साधारण बत्तीस बारचं असतं (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, बहुधा चार मात्रांचं), आठ-आठचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एका चालीचा, तिसरा वेगळा. त्या तिसऱ्याला ब्रिज म्हणतात. पण अपवाद असतात. संगीतकार कोल पोर्टरचं १९३२ मधलं 'नाइट अँड डे' अठ्ठेचाळीस बारचं आहे. बार मोजल्याशिवाय कुठलंही गाणं पाठ झालं असं समजू नका.

लय हीसुद्धा निवडच असते. गर्श्विन बंधूंचं 'समवन टू वॉच ओव्हर मी' (१९२६) आधी जलद, नाचाच्या अंगाने रचलेलं होतं. जॉर्जने एकदा ते संथ वाजवून पाहिलं आणि गाण्याचा स्वभावच उघडा झाला. घरी प्रत्येक गाणं एकदा दुप्पट आणि एकदा अर्ध्या लयीत म्हणून बघा.

४. पट्टी : इथे सावकाश जा

आपण पेटीवर शिकलेलो. विचारलं तर सांगतो, "माझी काळी चार." हे पियानोवादकाला कळणार नाही, म्हणून आधी कोष्टक पाठ करा. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक डी फ्लॅट, पांढरी दोन डी, काळी दोन ई फ्लॅट, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार ए फ्लॅट, पांढरी सहा ए, काळी पाच बी फ्लॅट, पांढरी सात बी.

आता खरा सापळा. आपल्याकडे गायकाची एक पट्टी असते आणि सगळी गाणी बहुधा त्या षड्जावर होतात. इथे गायकाला पट्टी नसते, गाण्याला असते. तीही प्रत्येक गाण्याला वेगळी. कारण संगीतकाराने षड्जाभोवती गळा कुठवर फिरवलाय हे गाण्यागणिक बदलतं. एखादं गाणं षड्ज ते तार षड्ज एवढ्यातच राहतं, एखादं मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत जातं. दोन्ही काळी चारमध्ये म्हटली तर एक सुखाचं होईल आणि दुसऱ्यात खालचे सूर ऐकूच येणार नाहीत.

रीत अशी. गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. वरच्या सुरावर कुठला शब्द आणि कुठला स्वर आहे ते बघा. 'आ' असेल तर एक-दोन सूर वर चालतं, 'ई' असेल तर बहुतेकांचा गळा आवळतो. मग ते गाणं बोलल्यासारखं म्हणून बघा. बोलताना आवाज जिथे सहज राहतो त्याच्या आसपास गाण्याचा बहुतेक भाग यायला हवा. कॅबरेमध्ये उंच सुराचं कौतुक दोनदा होतं, तिसऱ्यांदा लोक घड्याळ बघतात. माझी बहुतेक गाणी मी पहिल्यांदा ठरवलेल्या पट्टीपेक्षा तीन-चार स्वर खाली आली.

आणखी एक. गाण्याची पट्टी पहिल्या कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर) ठरवू नका. अनेक स्टँडर्ड्स दुसऱ्याच कॉर्डवर सुरू होऊन घरी येतात. घर कुठलं ते बहुधा शेवटच्या कॉर्डवरून कळतं.

५. चार्ट, म्हणजे तुमचा कागद

कॅबरेमध्ये गायकाची पत्रिका म्हणजे त्याचा चार्ट. वर स्वरलेखन, खाली शब्द, डोक्यावर कॉर्डची चिन्हं. मला सुरुवातीला हे परकं वाटलं, पण आपल्याच मुंबईचा इतिहास आठवला. ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अॅबीचा अमेरिकन जॅझ बँड आला, आणि त्या काळच्या नृत्यगृहांत गोव्याचे वादक पुढे आले, कारण चर्चच्या शाळांत लहानपणीच ते स्वरलेखन वाचायला शिकले होते. चिक चॉकलेट नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक अँटोनियो झेवियर वाझ पुढे सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्या कागदांवर हिंदी चित्रपटांचा वाद्यमेळ उभा राहिला. हा कागद आपल्या शेजारच्या घरातला आहे, तेव्हा बिचकू नका. मूळ सूर ओळखता येतील आणि बार मोजता येतील एवढं वाचन तीन-चार महिन्यांत जमतं.

चार्ट असा हवा :

तुमच्या पट्टीत लिहिलेला. "इथे एफ आहे, पण ई फ्लॅटमध्ये वाजवा" असं अनोळखी पियानोवादकाला सांगू नका. काही जण ते सहज करतात, पण ती मेहेरबानी असते.

एका ओळीत शक्यतो चार बार. वर डावीकडे लय आणि तिचा प्रकार : बॅलड (संथ गाणं), मध्यम स्विंग (जॅझची झुलती लय), बोसा (ब्राझीलची), वॉल्ट्झ (तीन मात्रांचा).

सुरुवात आणि शेवट स्पष्ट. सुरुवातीला किती बार पियानो एकटा, शेवटची ओळ तीनदा म्हणायची का, शेवटी लय उतरते का. परत मागे कुठे जायचं तिथे लाल पेनाने खूण.

तीन कड्यांच्या फाइलमध्ये, पानं एकमेकांना चिकटवून. चकाकणारे प्लास्टिक कव्हर टाळा, दिव्याखाली काही दिसत नाही. सुटी पानं पंख्याने उडतात.

माझ्या दुसऱ्या ओपन माइकला मी नेलेल्या प्रतीत झेरॉक्स काढताना पानाची खालची ओळ कापली गेली होती. पियानोवादक ब्रिजच्या शेवटी आला आणि पुढे कागदच नव्हता. त्याने सांभाळून घेतलं, माझे मात्र शब्द गेले. तेव्हापासून प्रत्येक प्रत बोट ठेवून तपासते.

६. ओपन माइक

बर्डलँडला सोमवारी रात्री 'कास्ट पार्टी' होते. तिथे ब्रॉडवेचे नट आणि नवखे एकाच रांगेत असतात. ती जागा पहिल्या दिवसासाठी जरा भारी आहे. आधी छोट्या पियानो बारमध्ये सुरुवात करा. ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या 'मरीज क्रायसिस'ला जरूर जा, पण एक ध्यानात ठेवा : तिथे पियानोभोवती सगळे मिळून गातात, एकट्याने गाऊन दाखवायची ती जागा नाही. आमच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तिथे सगळ्यांना गप्प करायचा प्रयत्न केला होता आणि फार अवघड प्रसंग आला.

पियानोवादकाशी बोलायला तुम्हाला अर्धं मिनिट मिळतं. नमस्कार, गाण्याचं नाव, पट्टी, सुरुवात कशी, शेवट कसा. लय सांगायची तर हळू आवाजात पहिल्या दोन ओळी तुम्हाला हव्या त्या वेगात म्हणून दाखवा. त्याच्या तोंडासमोर चुटक्या वाजवू नका. इथे तो मोठा अपमान समजला जातो. पियानोवर ठेवलेल्या बरणीत टिप टाका, गाण्याआधीच टाकलीत तरी चालेल. गाऊन झाल्यावर लगेच निघून जाऊ नका, बाकीच्यांना ऐका. तुमच्या पहिल्या शोला येणारे अर्धे लोक या टेबलांवरूनच येतात.

७. म्युझिकल डायरेक्टर

सहा-आठ महिने गाऊन झाल्यावर शोसाठी पियानोवादक ठरवा. इथे तो फक्त साथीदार नसतो. गाण्यांची मांडणी, जोडण्या, कुठे थांबायचं, कुठे तुमच्या बोलण्याखाली हलकं वाजवायचं, हे तो ठरवतो. आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागून येतो. इथल्या पियानोवादकाला तुम्ही थोडी जागा सोडायची असते, कारण तोही गोष्ट सांगतोय.

पहिल्याच भेटीत बोलून घ्या : तालमीचे पैसे तासावर की एकरकमी, चार्ट लिहायचे वेगळे का, शोचे किती, शो रद्द झाला तर काय, आणि मांडणी नंतर दुसऱ्या वादकाबरोबर वापरता येईल का. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. सगळं ईमेलवर लिहून ठेवा. बेस आणि ड्रमचा मोह पहिल्या शोला टाळा. पियानो एकटा पुरेसा आहे, आणि पैसे चांगल्या तालमींना लागतात.

८. आपल्या सवयी : ठेवायच्या आणि सोडायच्या

शास्त्रीय किंवा सुगम शिकून आलेल्या माणसाला इथे खूप काही आधीच मिळालेलं असतं. सुराची पक्की जाण, श्वास, भाव शब्दाला कसा चिकटवायचा याचं शिक्षण. पण काही सवयी आड येतात, आणि त्या कुणी सांगत नाही.

पहिली, षड्जाची. तानपुऱ्यासमोर वाढलेल्या कानाला खाली काहीतरी स्थिर लागतं. इथे खालची जमीन दर दोन-चार मात्रांना सरकते. तुम्ही धरलेला सूर तोच राहतो, पण त्याच्याखाली कॉर्ड बदलला की त्याचा अर्थ बदलतो. आधी शांत वाटणारा सूर अचानक व्याकुळ होतो. यासाठी रोज एकच सूर धरून पियानोवर वेगवेगळे कॉर्ड वाजवून ऐका. मला यात जो आनंद मिळाला तो लहानपणी श्रुतींचा फरक पहिल्यांदा कळला तेव्हाचा होता.

दुसरी, समेची. आपण समेवर येतो आणि सगळे मान हलवतात. स्विंगमध्ये जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. टाळीही तिथेच. आपले लोक पहिल्या आणि तिसऱ्यावर टाळ्या देतात, गायकही नकळत तिथेच बसतो आणि गाणं कवायतीसारखं वाटतं. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) अर्ध्या वेगावर लावा आणि त्याचा ठोका म्हणजे दोन आणि चार असं धरून गा. आठवडाभर वेड लागल्यासारखं होईल, मग एके दिवशी चालताना ते आपोआप येईल. त्यानंतर मागे रेलायला शिका : वादक वेळेवर असतो, तुम्ही ओळ किंचित उशिरा उचलता आणि शेवटी गाठता. ज्याने ठुमरीत बोल सोडून पुन्हा पकडलेत त्याला हे लवकर साधेल.

तिसरी, मुरक्यांची. एका ओळीत एक हरकत पुष्कळ झाली. मींड मात्र चालते, जरा अलगद घ्या.

चौथी, उच्चारांची. अमेरिकन नक्कल करू नका, तुमच्या बोलण्यात जे इंग्रजी आहे तेच गाण्यात हवं. पण तीन गोष्टी सुधारा. 'वाइन' आणि 'व्हाइन' यांत आपण फरक करत नाही, इथे तो अर्थ बदलतो. पहिला दात-ओठ न जुळवता, ओठांचा चंबू करून. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क मध्ये थोडा श्वास सोडा. आणि जोडस्वर लांबवताना पहिला अर्धा धरून ठेवा, दुसरा शेवटच्या क्षणी येऊ द्या. 'नाइट'मधला 'इ' लवकर आला तर सूर लगेच बारीक होतो.

या सगळ्याआधी एक काम. गाण्याचे शब्द मराठीत लिहून काढा. कवितेसारखे नकोत, मैत्रिणीला सांगाल तसे. जी ओळ मराठीत सांगता येत नाही ती तुम्हाला कळलेली नाही. ती कळेपर्यंत गाऊ नका.

९. क्रम आणि बोलणं

शो एक तास ते सव्वा तास, गाणी बारा ते चौदा. पहिलं गाणं न बोलता सुरू करा, मध्यम किंवा जलद, पूर्ण हातात असलेलं. दुसऱ्यानंतर स्वागत करा. दोन बॅलड लागोपाठ नको. सगळ्यात अवघड, सगळ्यात जवळचं गाणं शेवटून तिसरं. वन्स मोअर इथे उत्स्फूर्त नसतो, त्यासाठी एक गाणं तयार ठेवायचं असतं आणि त्याचाही चार्ट फाइलमध्ये असतो.

गाण्यांमधलं बोलणं लिहून काढा, पाठ करा, मग पाठ केल्यासारखं वाटणार नाही इतकं म्हणा. एका वेळी अर्धा मिनिट, फार तर एक. संगीतकार कधी जन्मला हे सांगत बसू नका, लोक ते वाचू शकतात. हे गाणं तुम्हीच का म्हणताय, हे फक्त तुम्ही सांगू शकता. मी आजोबांच्या गाण्याच्या वहीबद्दल सांगितलं. त्या वहीत पदांच्या शेजारी नाटकाचं नाव आणि पाहिल्याची तारीख होती. ते ऐकून समोरच्या टेबलावरच्या एका वयस्क बाईंनी शो संपल्यावर त्यांच्या आईच्या अशाच वहीबद्दल सांगितलं, ब्रॉडवेच्या गाण्यांची.

कपडे तुम्हाला ज्यात मोकळा श्वास घेता येतो ते. उषा उथुप यांनी साठच्या दशकाच्या शेवटी नाइट क्लबमध्ये साडी नेसून गायला सुरुवात केली आणि तीच त्यांची ओळख झाली. मीही साडीच नेसते. फक्त निऱ्या एक इंच वर, कारण मंच अरुंद असतो आणि माइकची वायर पायात येते.

१०. जागा आणि पैसे

जागेचं बुकिंग पाहणाऱ्या व्यक्तीला छोटं ईमेल पाठवा : तुम्ही कोण, शोची कल्पना दोन ओळींत, दोन गाण्यांची चित्रफीत, म्युझिकल डायरेक्टरचं नाव, अंदाजे किती लोक येतील. शेवटचा आकडा खरा सांगा.

व्यवहार साधारण असा. श्रोता दोन गोष्टींचे पैसे देतो : कव्हर, म्हणजे तिकीट, आणि खाण्यापिण्याची किमान रक्कम, बहुधा दोन पेयं. खाण्यापिण्याचे जागेचे. कव्हरमधून जागेचा ठरलेला भाग किंवा तंत्रज्ञाचे पैसे वजा होऊन बाकी तुमचं. समजा कव्हर २५ डॉलर आणि ४० माणसं आली, तर हजार डॉलर जमले. त्यातून वजावट, पियानोवादकाचा शो, आठ-दहा तालमी, चार्ट, छायाचित्रं आणि पत्रकं. पहिल्या शोला खिशातून घालावे लागतील, हे घरी आधीच सांगून ठेवा.

करार वाचताना हे शोधा : किमान किती प्रेक्षक आणावे लागतात, कमी आले तर भरपाई कुणाची, फुकट पास किती, चित्रीकरण करता येतं का. गाण्यांच्या हक्कांचं बहुतेक जागांनी अॅस्कॅप आणि बीएमआय या संस्थांकडून एकत्र परवाना घेऊन सोडवलेलं असतं, पण विचारून खात्री करा. त्या परवान्यात गाणं म्हणणं बसतं. पात्रं, वेषभूषा आणि कथानकासह संगीतिकेचा प्रवेश करणं बसत नाही. चित्रफीत किंवा अल्बम काढायचा तर परवानग्या वेगळ्या.

आपल्या लोकांना बोलावताना दोन पेयांची अट निमंत्रणातच लिहा. ज्यूस आणि सोडा चालतो हेही लिहा. अनेकांना ते माहीत नसतं, मग बिल आल्यावर टेबलावर कुजबुज सुरू होते, तीही तुमच्या शेवटच्या गाण्यात. तारीख ठरवताना मंडळाचा गणपती, दिवाळी आणि कोजागिरी बघा. न्यू जर्सीतल्या एडिसनहून येणाऱ्यांसाठी सातचा शो साडेनऊपेक्षा बरा, परतीच्या गाड्या मिळतात.

११. शोच्या दिवशी

तांत्रिक तालमीला बहुतेक वेळा तासापेक्षा जास्त मिळत नाही. सगळी गाणी म्हणू नका. प्रत्येकाची सुरुवात, शेवट आणि दिव्यांचे बदल एवढंच घ्या. तंत्रज्ञाला छापील यादी द्या : गाण्याचं नाव, लय, दिवा कसा, आणि तुमच्या बोलण्यातलं शेवटचं वाक्य, म्हणजे त्याला पुढचं कधी ते कळेल.

माइक हा या गाण्याचा अर्धा जन्म आहे. १९२५ च्या सुमारास विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि कानात बोलल्यासारखं गाणं शक्य झालं. गायक बिंग क्रॉस्बी त्यातूनच पुढे आला. आपण बैठकीत माइक स्टँडवर ठेवून विसरतो. इथे तो हातात असतो. हनुवटीच्या किंचित खाली धरा, जाळी मुठीत झाकू नका, नाहीतर शिट्टी वाजते. जवळ आणला की खालचे सूर भरदार होतात, हे संथ गाण्यात वापरा. वरच्या सुराला चार बोटं लांब न्या. 'प' आणि 'ब' थेट जाळीवर पडू देऊ नका. घरी महिनाभर तरी हातात काहीतरी धरून गा, मी लाटणं धरत असे.

बरोबर न्यायचं :

चार्टची फाइल, आणि तिची दुसरी पूर्ण प्रत. टॅब्लेट असला तरी कागद हवाच.
दिव्यांची यादी दोन प्रतींत, गाण्यांचा क्रम मोठ्या अक्षरात.
ओळखपत्र आणि करासाठीचा डब्ल्यू-९ फॉर्म, जागेने मागितला तर.
करार आणि पास दिलेल्यांची नावं.
पियानोवादकाचे पैसे पाकिटात, वर नाव लिहून.
कोमट पाणी, खडीसाखर, सेफ्टी पिना, सपाट चप्पल.
बाहेर काढलेलं घड्याळ पियानोवर ठेवायला. मनगटावरचं बघितलेलं प्रेक्षकांना दिसतं.

शो संपल्यावर आधी पियानोवादकाला पाकीट द्या, मग तंत्रज्ञाला आणि टेबलांवर सेवा देणाऱ्यांना नावाने धन्यवाद म्हणा, मग पाहुण्यांकडे जा. पुढचा शो बहुतेक वेळा अर्ध्या तासात असतो, तेव्हा गप्पा पुढच्या बारमध्ये मारा. आणि निघताना पियानोवरची फाइल आठवणीने घ्या, मी माझी एकदा विसरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंद दारापुढे दोन तास उभी होते.